० = ० आलं, पण पुस्तकात उत्तर एकच आहे. माझी कुठली पायरी चुकली?

वहीपेन्सिल:
नमस्कार. शाळा सुटून सव्वीस वर्षं झाली. अर्थशास्त्राच्या एका अभ्यासक्रमासाठी आता गणित पुन्हा करते आहे. दोन चलांची समीकरणं भराभर सुटली, पण तीन चलांपाशी परवापासून अडकले आहे. उदाहरण असं:

(१) क्ष + य + झ = ६
(२) २क्ष − य + ३झ = ९
(३) ३क्ष + २य − झ = ४

(१) मध्ये अधिक य आणि (२) मध्ये वजा य आहे, म्हणून दोघांची बेरीज केली: ३क्ष + ४झ = १५. आता दोन चलं उरली, म्हणजे अजून एक समीकरण हवं. म्हणून (२) वरून य = २क्ष + ३झ − ९ काढलं आणि (१) मध्ये घातलं. पुन्हा ३क्ष + ४झ = १५. एकातून दुसरं वजा केलं तर ० = ०.

असं आलं की अनंत उकली असतात, म्हणून तसं लिहिलं. उत्तरांच्या पानावर मात्र (१, २, ३). आकडेमोड चार वेळा तपासली, एकही चिन्ह चुकलेलं नाही. शिवाय झ = ० धरलं तर क्ष = ५, य = १ येतं, आणि त्याने (१) व (२) दोन्ही जुळतात. मग (५, १, ०) हे उत्तर का नाही? नुसती बरोबर रीत नको, माझ्या रीतीत खोट कुठे आहे ते समजून घ्यायचं आहे.

तिरकी रेघ:
(५, १, ०) तिसऱ्यात घाला. १५ + २ − ० = १७. हवेत ४.

जुना फळा:
ताई, तुमची एकही पायरी खोटी नाही. अनेक वर्षं हा विषय शिकवला, आणि ही अडचण सर्वांत जास्त त्यांनाच येताना पाहिली जे आकडेमोडीत पक्के असतात. चिन्ह चुकलं असतं तर वेडंवाकडं उत्तर येऊन लगेच शंका आली असती.

झालंय असं, की तुम्ही (१) आणि (२) यांनाच दोनदा विचारलं. एकदा बेरीज करून, एकदा किंमत घालून. रीत वेगळी, माहिती तीच. (३) ला तुमचा हातच लागला नाही. म्हणून ते ० = ० एवढंच सांगतंय की नवीन काही मिळालेलं नाही. तुम्हाला खरोखर अनंत उकली सापडल्या आहेत, पण त्या पहिल्या दोन समीकरणांच्या. तीन चलांचं एक समीकरण म्हणजे अवकाशातलं एक प्रतल, म्हणजे सगळीकडे पसरलेला सपाट पृष्ठभाग, आणि तुमची दोन प्रतलं एका रेषेत छेदतात. (५, १, ०) त्या रेषेवर आहे, (१, २, ३) सुद्धा आहे. क्ष चारने कमी करा, य एकने वाढवा, झ तीनने वाढवा, की पहिल्यावरून दुसऱ्यावर पोचता. तिसरं प्रतल त्या रेषेला एकाच ठिकाणी भेदतं.

म्हणून दुसऱ्या जोडीत (३) आलंच पाहिजे, आणि घालवायचा तो पुन्हा य च. (१) ची दुप्पट करून त्यातून (३) वजा करा: −क्ष + ३झ = ८. म्हणजे क्ष = ३झ − ८. हे तुमच्या ३क्ष + ४झ = १५ मध्ये घाला: १३झ = ३९. झ = ३, क्ष = १, य = २.

एक सवय लावून घ्या. प्रत्येक नव्या समीकरणाशेजारी ते कोणत्या दोघांपासून आलं ते लिहा, ‘(१)+(२)’ असं. वहीत दोन्ही ओळींपुढे तेच दिसलं असतं तर तिथेच थांबला असता.

तिरकी रेघ:
खरं ० = ० कसं येतं तेही बघून ठेवा. तिसरं समीकरण ३क्ष + ४झ = १५ असंच दिलेलं असतं, तर ते पहिल्या दोघांची नुसती बेरीज ठरलं असतं आणि ‘अनंत उकली’ हे बरोबर उत्तर झालं असतं. उजवीकडे १६ असते तर ० = १, उकलच नाही. त्यात कुठलीही दोन प्रतलं समांतर नाहीत, तरी तिघांचा सामाईक बिंदू नाही. तंबूसारखी दोन-दोन मिळून तीन रेषांत छेदतात.

क्रेमरच्या पद्धतीने केलंत तर सहगुणकांचा (चलांपुढच्या आकड्यांचा) निश्चयक, म्हणजे त्यांच्या ठरावीक गुणाकार-बेरजा-वजाबाक्यांतून निघणारी संख्या, १३ येतो. वरच्या १३झ मधलाच तो तेरा. तो शून्य नाही, म्हणून उकल एकच.

जुना फळा:
सरावासाठी माझं आवडतं उदाहरण देतो. ‘नऊ अध्याय’ या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या चिनी गणितग्रंथाच्या आठव्या अध्यायात ते आहे. धान्याच्या उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या पेंढ्या. ३ उत्तम, २ मध्यम, १ हलकी मिळून ३९ मापं. २, ३, १ मिळून ३४. १, २, ३ मिळून २६. एका-एका पेंढीत किती? त्या लोकांनी चलांना अक्षरंही दिली नव्हती. फक्त सहगुणक मोजकाड्यांनी पटावर मांडायचे आणि एका स्तंभाची पट दुसऱ्यातून वजा करायची. तीच लोपाची (एकेक चल घालवण्याची) पद्धत आज गणितज्ञ गाउसच्या नावाने ओळखतात.

वहीपेन्सिल:
दोघांचेही मनापासून आभार. (३) वापरलंच नाही हे चार वेळा तपासूनही दिसलं नव्हतं, कारण मी प्रत्येक वेळी फक्त आकडे तपासत होते.

पेंढ्यांचं आत्ता केलं. पहिल्या दोन ओळींत झ चा सहगुणक १ आहे, म्हणून झ घालवला.
(१)−(२): क्ष − य = ५
३×(२)−(३): ५क्ष + ७य = ७६
त्यावरून १२य = ५१. य = ४¼, क्ष = ९¼, झ = २¾. ताळा या वेळी तिसऱ्या ओळीपासून सुरू केला: ९¼ + ८½ + ८¼ = २६. बाकीच्या दोन्हीही जुळल्या.