व्यवस्थापन विभागाची इमारत नव्याने मांडायची आहे, मुलांची गरज समितीपुढे कशी ठेवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात मी अकरा वर्षं शिकवते आहे. आमच्या इमारतीचं नूतनीकरण मंजूर झालंय. वास्तुविशारद नेमलेत आणि २० तारखेला इमारत समितीपुढे पहिला आराखडा येणार आहे. समितीत मी आहे. दोन्ही वर्षांची मिळून २४० मुलं, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं तिथे दुसरं कोणी नाही. त्याच विचाराने झोप लागत नाही.

आराखड्यात दर्शनी बाजूला काचेची भिंत आहे, आत दुमजली उंचीचं स्वागतदालन, ३०० खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह. वाईट काहीच नाही त्यात. पण दोन तासिकांच्या मधल्या वेळात मुलांना बसायला आज जागा नाही, आणि नव्या नकाशातही नाही.

परवाचीच गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर जाताना जिन्याच्या वळणावर पाच मुली बसल्या होत्या. मध्ये लॅपटॉप, त्याची वायर कठड्यावरून खाली थेट वर्गाच्या दाराजवळच्या सॉकेटपर्यंत सोडलेली. एकीच्या मांडीवर उघडा डबा. दुपारी केसचं (एखाद्या कंपनीपुढच्या खऱ्या प्रश्नाच्या अभ्यासाचं) सादरीकरण होतं, त्याची तयारी चालली होती. मला पाहून सगळ्या धडपडत उठल्या, डबा सावरत ‘सॉरी मॅडम’ म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. सॉरी आम्ही म्हणायला हवं होतं.

प्लेसमेंटच्या दिवशी तर बघवत नाही. मुली तालुक्याच्या गावांहून पहाटेच्या एसटीने येतात आणि मुलाखतीचे कपडे स्वच्छतागृहात बदलतात. तिथे एक खुंटीसुद्धा नाही. एक जण ब्लेझर धरून बाहेर उभी राहते, दुसरी आत जाते. वाचनकक्ष साडेपाचला बंद होतो, त्यामुळे गटाची कामं एसटी स्टँडवर होतात.

२०१७ साली अहमदाबादच्या आयआयएममध्ये एका प्रशिक्षणासाठी आठवडाभर राहिले होते. वास्तुविशारद लुई कान यांच्या त्या विटांच्या इमारतींचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मनात राहिला तो तिथला वर्ग. घोड्याच्या नालेसारखी बैठक, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. केस शिकवायची तर असाच वर्ग हवा. आमच्याकडे सरळ रांगा, मागचा बोलला की पुढच्यांना मान वळवावी लागते.

तर मला विचारायचंय ते असं: मुलांची गरज समितीला पटेल अशा रीतीने कशी मोजायची? सभागृह लहान करा म्हटलं तर कशाच्या जोरावर म्हणू? आणि नालेसारख्या वर्गाला पायऱ्या आल्या, तर आमचा व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी कुठे बसणार? तो सध्या कायम दाराशी बसतो.

पिंपळपान:
ताई, शाळा-कॉलेजांच्या इमारतींचं काम वीस वर्षं करतोय, म्हणून सांगतो. गूगल फॉर्म काढू नका. ‘काय हवं’ विचारलं की मुलं एसी, वायफाय, कँटीन लिहितात. जिन्यावर बसतो असं कुणीच लिहीत नाही, कारण त्याची सवय झालेली असते.

प्रत्येक मजल्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापा. सोमवार ते बुधवार, दर तासाला एक फेरी मारा. एकटा बसलेला दिसला तर ठिपका, गट दिसला तर गोल. तीन दिवसांनी तो कागद समितीच्या टेबलावर पसरा, भाषण करावं लागणार नाही. सभागृहासाठी कार्यालयातली जुन्या हॉलची आरक्षण नोंदवही मागा. वर्षात किती दिवस दीडशेच्या वर माणसं बसली, तेवढंच काढा.

वर्गाला दोनच टप्पे ठेवा, प्रत्येकी १५ सेंमीचे. उताराचं प्रमाण १ः१२, म्हणजे ३० सेंमी चढायला ३.६ मीटर लांबीचा उतार लागेल. दार ९०० मिमी मोकळं हवं. आणि व्हीलचेअरची जागा प्रत्येक टप्प्यावर ठेवा. कुणाशेजारी बसायचं हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे.

मधल्या वेळेतल्या बैठकीसाठी वेगळी खोली मागू नका, ती कुलपात जाते. बंगळुरूच्या आयआयएममध्ये वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी मार्गिकाच रुंद केल्या. काही उघड्या, काहींवर पर्गोला (पट्ट्यांचा उघडा मांडव), कडेला थांबावंसं वाटेल अशा जागा. तासिका संपल्यावरची चर्चा तिथेच चालू राहते. तुमच्या व्हरांड्यात खिडकीखाली सलग कट्टा आणि दर दीड मीटरला सॉकेट, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटेल.

सातासमुद्रापार:
मी मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचा. आमची संस्था १९६५मध्ये स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने सुरू झाली, त्यामुळे इकडे अमेरिकेत आल्यावर स्टॅनफर्डचं आवार आवर्जून पाहिलं. ‘नाइकी’ या बूट कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांनी त्यांना २००६मध्ये १०.५ कोटी डॉलर देणगी जाहीर केली. २००७मध्ये नवा अभ्यासक्रम आला, त्यात छोट्या गटांच्या चर्चेवर भर. नवं आवार २०११मध्ये उघडलं, तीन चौकांभोवती आठ इमारती, आणि गटांनी बसायच्या खोल्या भरपूर. शिकवायचं कसं हे आधी ठरलं होतं. तुमच्याकडे आठवड्यात केसच्या तासिका किती, गटकाम किती, हे वेळापत्रकातून काढून वास्तुविशारदाला द्या. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसेल.

हिशेबनीस:
एका विद्यापीठाच्या वित्त विभागातून निवृत्त झालो. मॅडम, तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी) मिळायच्या आत बोला. त्यानंतर भिंत हलवायची म्हटली तरी सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा सह्या, आणि समिती ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणते. एकूण चौरस फूट वाढवू नका, आहे त्यातच अदलाबदल मागा. सभागृह ३००चं १८० करा आणि वाचलेल्या जागेत काय येईल ते सोबत आकड्यांत लिहा. खुंट्या, आरसा, कपडे बदलायची खोली हे किरकोळ दुरुस्तीतून आत्ताच होतं, त्यासाठी नूतनीकरणाची वाट पाहू नका. विभागप्रमुखांच्या नावे एक पानी टिपण द्या.

धागाकर्ती:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. खुंट्या आणि आरशाचं टिपण आजच दिलं. नोंदवहीही मिळाली. मागच्या वर्षात दीडशेच्या वर माणसं बसली असे दिवस फक्त नऊ. हिशेबनीस काका, अदलाबदलीचा तक्ता शनिवार-रविवारी करते, तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का?

सोमवारी सकाळी आठपासून नकाशे घेऊन फिरणार आहे. जिन्यावरच्या त्या पाचजणींनाच सोबतीला घेतलंय. व्हीलचेअरवाल्या विद्यार्थ्याला नकाशा दाखवला, तर त्याने नवीनच गोष्ट सांगितली: पाणी प्यायला त्याला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते, कारण कूलर दोन पायऱ्यांवर आहे. तोही बदल यादीत घातला.

आता एकच राहिलं. वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा ठेवायची परवानगी मागायची आहे. रखवालदार एकच आहे आणि मुलींना स्टँडपर्यंत पोचवायची सोय नाही. कुणाच्या कॉलेजात हे जमवलंय का? कसं जमवलं, ते सविस्तर लिहाल का?