वर्गनियमाने (करंट ओव्हरड्राइव्हच्या वर्गाच्या प्रमाणात, हे सूत्र) मॉसफेट ट्रान्झिस्टरची डब्ल्यू/एल (रुंदी/लांबी) काढणं आता बंद करावं का?

चौकटराजा: ओव्हरड्राइव्ह (गेट व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितकं वर, तेवढं) १०० मिलिव्होल्ट धरला की वर्गनियम जीएम/आयडी (ट्रान्सकंडक्टन्स भागिले करंट) २० सांगतो. सिम्युलेशनमध्ये मिळतो साधारण १३. तिथे चॅनेल धड स्ट्राँग इन्व्हर्शनमध्ये (पूर्ण चालू) नाही, धड वीकमध्येही (जेमतेम चालू) नाही, आणि सूत्राला त्याचा पत्ताच नाही. मग सुरू: डब्ल्यू वाढव, रन मार, परत वाढव. सिम्युलेशनमधून जीएम/आयडीचे तक्ते काढून ठेवलेत तर हिशेब सरळ आहे. युनिटी गेन (गेन १ वर येतो ती वारंवारता) १० मेगाहर्ट्झ, लोड २ पिकोफॅरड, म्हणजे जीएम सुमारे १२६ मायक्रोसीमेन्स. जीएम/आयडी १५ घ्या, करंट ८.४ मायक्रोअँपिअर. त्या बिंदूचा आयडी/डब्ल्यू (रुंदीमागे करंट) तक्त्यातून वाचा, करंटला त्याने भागा, डब्ल्यू मिळाली. संपलं.

जुनाट_ओपॅम्प: "१५ घ्या" म्हणे! १० का नाही? तक्ता उत्तर देतो, कारण देत नाही. करंट तोच ठेवून डब्ल्यू चौपट केली तर जीएम दुप्पट आणि गेट कपॅसिटन्स चौपट, हे फळ्यावर दोन ओळींत दिसतं. नवी पोरं आलेख चाळतात, पण डिव्हाइस का बिघडलं ते विचारलं की गप्प.

चौकटराजा: तुमचं चौपट-दुप्पट वीक इन्व्हर्शनमध्ये कोसळतं. तिथे जीएम करंटवरच ठरतो. डब्ल्यू कितीही ताणा, जीएम/आयडी २५-३० च्या पुढे हलत नाही. आणि १५ आभाळातून पडलेला नाही: वर गेलं की करंट वाचतो, पण डब्ल्यू फुगते नि एफटी (ट्रान्झिस्टरच्या वेगाची मर्यादा) पडतो.

मिसमॅच_पीडित: दोघंही ओपॅम्पच्या इनपुट जोडीतच अडकलात. करंट मिररचं (एका ट्रान्झिस्टरच्या करंटची दुसऱ्यात नक्कल) काय? थ्रेशोल्डमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक आणि जीएम/आयडी १८ असेल तर करंट ९ टक्के चुकतो. ८ असेल तर ४. पहिल्या चिपवर मी सगळीकडे एकच १५ लावला होता, त्याची फळं भोगली. (लेआउटवाल्याला उगाच बोललो.) शिवाय मिसमॅचवरचा संशोधक पेलग्रोम याचा १९८९चा नियम: फरक निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट. हे तुमच्या जीएम/आयडीच्या आलेखात कुठे दिसतं?

जुनाट_ओपॅम्प: वीकचं मान्य. पण मिररला ८ हवा हे वर्गनियमच सांगतो, जीएम/आयडी म्हणजे २ भागिले ओव्हरड्राइव्ह. पाव व्होल्ट द्या. हेडरूम (सप्लायमधली मोकळी जागा) आहे का तेवढा, ते आधी बघा.

मिसमॅच_पीडित: १ व्होल्टच्या सप्लायवर कॅस्कोड (ट्रान्झिस्टरवर ट्रान्झिस्टर) करून दाखवा, मग बोलू.