मदत हवी आहे : पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज

नवी मुंबईतल्या एका ठाण्यात रिक्षावाल्याला नोटीस न देता पाच तास बसवलं, मारलं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे द्यायची तक्रार प्रतिज्ञापत्रासह तयार आहे, अडलंय फुटेजवर. परमवीर सिंग सैनी निकालात (2020) सर्वोच्च न्यायालयाने ते 18 महिने, निदान वर्षभर जपायला सांगितलंय. तरी ‘डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) बंद होता’ हे उत्तर ठरलेलं! म्हणून तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा (लॉकअप, ठाणे अंमलदाराचं टेबल) लिहून जतन करण्याचा अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला. माहिती अधिकारात मात्र ‘तपासात अडथळा’ म्हणून नकार; अडथळा कसा, ते लिहिलेलंच नाही. पहिलं अपील 30 दिवसांत करायचंच आहे. सोबत दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करावा का? स्टेशन डायरीची (ठाण्यातल्या रोजच्या नोंदींची वही) प्रत कुणी मिळवलीय का? मागणीचे नेमके शब्द काय वापरले?