मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांना मॅक्युलर डिजनरेशन

आईला (वय ७४) दोन्ही डोळ्यांत एएमडी (वयामुळे पडद्याचा मधला भाग खराब होणं) निघालंय, उजव्यात ड्राय (हळूहळू झिजणारं) आणि डाव्यात आता वेट (पडद्यामागच्या नव्या रक्तवाहिन्या गळणारं) सुरू झालंय. चालताना कुठे अडखळत नाही, कडेचं सगळं दिसतं, पण समोरच्याचा चेहराच गायब आणि दाराची चौकट मधेच वाकडी दिसते म्हणते. नातेवाईक अजून मोतीबिंदूचं ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेत, अरे तो लेन्सचा, हे मागच्या पडद्याचं, काय सांगणार!

डाव्या डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ (त्या गळक्या रक्तवाहिन्या रोखणारी) इंजेक्शनं चालू झालीत, सध्या दर महिन्याला. उजव्यासाठी एआरईडीएस२ नावाच्या अभ्यासातल्या सूत्राच्या व्हिटॅमिन-खनिजांच्या गोळ्या (ल्युटिन १० मिग्रॅ, झियाझँथिन २ मिग्रॅ, झिंक वगैरे), पण त्याने गेलेली नजर परत येत नाही, आजार वाढायचा वेग कमी होऊ शकतो एवढंच. अ‍ॅम्सलर ग्रिड (रेषा वाकड्या दिसतात का ते तपासायचा चौकटींचा तक्ता) रोज एकेक डोळा झाकून बघायला लावतो, तेव्हा जाम वैतागते.

कोणाच्या घरी इंजेक्शनांमधलं अंतर नंतर वाढवलं का, साधारण कधी? वाचायला लाइटवालं भिंग बरं की टॅबवर अक्षरं मोठी करून? आणि नजर थोडी बाजूला ठेवून वाचायची प्रॅक्टिस कोणी केलीय का, वयस्कर माणसाला जमतं का ते? पेपर वाचता येत नाही हेच तिला सगळ्यात जास्त लागलंय.

घरगुती थेंब प्लीज सुचवू नका.