सिंधशी तुटलेले नाते जोडायचे, तर सुरुवात लिपीपासून करावी का? (टोपणनावांनी लिहिलेली पत्रे)

उल्हासकाठ

माझ्या आजोबांची पत्र्याची पेटी उल्हासनगरच्या आमच्या घरात अजून आहे. तिच्यात सिंधमधल्या शिकारपूरच्या घराच्या भरपाईसाठी भरलेले क्लेमचे कागद आहेत आणि दोन जाड वह्या आहेत. क्लेमचे कागद इंग्रजीत असल्यामुळे आम्ही ते वाचू शकतो. वह्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत, आणि घरातल्या अकरा माणसांपैकी एकालाही त्या वाचता येत नाहीत. शिकारपूरच्या घराची किंमत आम्हाला रुपये-आण्यांपर्यंत ठाऊक आहे, पण त्या घरात राहणारा माणूस कसा विचार करीत असे, हे आम्हाला माहीत नाही.

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले, सिंध प्रांत मात्र सबंधच पाकिस्तानात गेला. त्यामुळे आम्हा हिंदू सिंधींना या बाजूला जिल्हाभरही स्वतःची भूमी उरली नाही. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीनंतर राहिलेसाहिलेही निघाले; कोणी आगबोटीने मुंबईला आणि ओख्याला उतरले, कोणी मारवाडच्या वाटेने रेल्वेतून आले. कल्याणच्या लष्करी छावणीचे 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर झाले. त्या पिढीने काय उभे केले, हे मी इथे मुद्दाम लिहितो. हैदराबाद सिंधमध्ये 1922 साली निघालेले नॅशनल कॉलेज 1949 मध्ये वांद्र्याला पुन्हा सुरू झाले, कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. भाई प्रताप यांनी कच्छच्या महारावांकडून जमीन मिळवून गांधीधाम वसवले. आणि 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, त्यांनी हे केले.

आज आमच्या समाजाच्या पंचायतींकडे, दरबारांच्या म्हणजे धर्मस्थानांच्या ट्रस्टांकडे आणि हाँगकाँगपासून स्पेनपर्यंतच्या सिंधी मंडळांकडे पैसा आहे आणि माणसे आहेत. ती शक्ती आता सिंधशी नाते पुन्हा जोडण्यासाठी लावावी, असे माझे म्हणणे आहे. प्रवासाचे मार्ग एकेक करून मिटले. कराचीतील भारताची वकिलात 1994 मध्ये बंद झाली. मुनाबाव-खोखरापार मार्गावरची थार एक्स्प्रेस एक्केचाळीस वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी 2006 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये थांबली. एप्रिल 2025 मध्ये अटारीचे फाटकही बंद झाले. परंतु मजकुराला फाटक नाही. सिंधमध्ये सिंधी ही शाळेची, वर्तमानपत्रांची आणि साहित्याची जिवंत भाषा आहे, तिथल्या हैदराबादच्या सिंधी भाषा प्राधिकरणाचे शब्दकोश इंटरनेटवर खुले आहेत, आणि आम्ही केवळ अक्षरे येत नाहीत म्हणून त्या सर्वांपुढे निरक्षर ठरतो. प्रत्येक पंचायतीने अरबी-सिंधी लिपीचा वर्ग चालवावा, ही माझी मागणी आहे.

कॅम्प चार

आपली तळमळ मला समजते, तरीही मी आपल्या मागणीला विरोध करतो, आणि तो दुरून करीत नाही. गेली बारा वर्षे मी दर रविवारी दोन तास मुलांना देवनागरीतून सिंधी शिकवतो. येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना आजीने विचारलेला साधा प्रश्न कळत नाही. ती हिंदीत उत्तर देतात, आणि त्यांचे आईवडीलही घरात हिंदीच बोलतात. 2011 च्या जनगणनेत सिंधीभाषक सुमारे 27 लाख 72 हजार दिसतात, पण कच्छी बोलणारेही त्यातच मोजलेले आहेत. उल्हासनगरात सिंधी माध्यमाच्या शाळांचे वर्ग कसे रिकामे होत गेले, ते आपण पाहिलेच असेल. ज्या मुलाच्या तोंडी भाषा नाही, त्याच्यापुढे बावन्न अक्षरांची उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी ठेवली, तर ते तिसऱ्या रविवारी येणार नाही.

दुसरे असे की, अरबी वळणाची लिपी म्हणजेच सिंध, हे समीकरण मला मान्य नाही. ती लिपी सरकारी शिक्क्याने ठरली 1853 मध्ये, इंग्रज अमलात. त्याआधी आणि त्यानंतरही आमचे व्यापारी आपली चोपडी हटवाणिका या व्यापारी अक्षरांत लिहीत होते आणि कितीतरी घरांतल्या बायका गुरुमुखीतून पाठ वाचत होत्या. कप्तान जॉर्ज स्टॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच सिंधीसाठी देवनागरीचा आग्रह धरला होता. म्हणजे देवनागरीतली सिंधी ही दिल्लीने आमच्यावर लादलेली परकी वस्तू नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. माझ्या वडिलांना ‘शरणार्थी’ म्हटलेले आवडत नसे. ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवीत. त्यांनी आयुष्यभर सिंधचे नाव प्रेमाने घेतले, पण मागे वळून पाहण्यात त्यांनी एक दिवसही घालवला नाही. चेटीचंडला, म्हणजे आमच्या नववर्षाला, बहराणा हा दिव्याचा नैवेद्य निघतो, तेव्हा आम्ही तो उल्हास नदीत सोडतो आणि दर्याशाहला, आमच्या जलदेवतेला, तिथेच हात जोडतो. सिंधू इथे आणता आली नाही म्हणून आमची पूजा अपुरी राहिली, असे मला कधी वाटले नाही.

कराचीकरांचा नातू

मी मराठी आहे, पण या प्रश्नात आम्ही अगदीच परके नाही. सिंध 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि कराचीत मराठी नोकरदारांची व शिक्षकांची मोठी वस्ती होती. माझे आजोबा त्यांपैकी एक. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. हे वैद्य सिंधचे उपशिक्षणाधिकारी होते आणि 1868 मध्ये खुदाबादी या सिंधीच्या जुन्या देशी लिपीला शाळेत चालेल असे रूप देण्याचे काम इलाख्याच्या सरकारने त्यांच्याकडे सोपवले होते. सिंधीने कोणती अक्षरे घालावीत, हा वाद सोडवायला एका मराठी माणसाला बसवले होते आणि दीडशे वर्षांनंतरही तो सुटलेला नाही, हे मला फार लागते.

‘कॅम्प चार’ यांचा इतिहास बरोबर आहे, पण त्यातून त्यांचा निष्कर्ष निघत नाही. खुदाबादी हरली आणि हटवाणिका चोपड्यांतच राहिली. छापील पुस्तके, कथा, कविता, वर्तमानपत्रे हे सारे अरबी-सिंधीत झाले. शंभर वर्षांचे वाङ्मय ज्या लिपीत आहे, ती मूळची कोणाची हा प्रश्न आता गौण आहे. माझ्या मते केंद्र सरकारने 1950 च्या सुमारास देवनागरीचा निर्णय घेतला आणि विरोध झाल्यावर दोन्ही लिपींना मान्यता दिली, तेव्हाच नुकसान झाले. दोन लिपी चालतील असे म्हटल्यावर शाळा, पुस्तके आणि शिक्षक हे तिन्ही विभागले गेले, आणि मुळातच विखुरलेल्या समाजाला ते परवडणारे नव्हते.

वळिवडेकर

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती माणसे गेल्यावर त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. त्या पोलिश लोकांपैकी पुष्कळांची गावे युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे त्यांनाही घरी परतता आले नाही. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे जगाच्या पाठीवर जिथे जिथे संसार थाटले, तिथून एकमेकांना शोधून संघटना बांधली, आणि म्हातारपणी ती माणसे कोल्हापूरला आली. 2019 मध्ये वळिवड्यात त्यांचे स्मारक झाले. कोल्हापूरच्या ऋणाचे स्मारक वॉर्सातही आहे.

मला त्यातून असे दिसते की, निर्वासिताला दोन भूमी असतात, एक गमावलेली आणि एक आसरा दिलेली, आणि दुसरीची आठवण जपणे आपल्या हातात असते. गांधीनगरच्या बराकी, पिंपरीची छावणी, चेंबूर, मुलुंड यांचा इतिहास सांगणारी माणसे आज नव्वदीत आहेत. शिकारपूरचे शब्द शिकण्याआधी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असे मी सुचवीन. लिपी दहा वर्षांनीही शिकता येईल.

उल्हासकाठ

मुलाखतींबद्दल ‘वळिवडेकर’ यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. पण त्यांच्याच उदाहरणात एक गोष्ट राहून गेली. वळिवड्याच्या छावणीत पोलिश शाळा होत्या. ती मुले कुठेही गेली तरी आईची पत्रे वाचू शकत होती, म्हणूनच त्यांना एकमेकांना शोधता आले. आमच्या आजोबांच्या वह्यांजवळ बसून मी काय ध्वनिमुद्रित करू?

‘कॅम्प चार’ यांना मला एवढेच विचारायचे आहे. आपण वर्गात ‘ॿार’ आणि ‘बार’ वेगळे शिकवता का? पहिल्याचा अर्थ मूल, दुसऱ्याचा ओझे. देवनागरीत खाली रेघ देऊन हा फरक दाखवता येतो, हे मला ठाऊक आहे. पण निमंत्रणपत्रिकांत, फलकांवर आणि मोबाइलवर ती रेघ कोणी देत नाही. अरबी-सिंधीत ती दोन निराळी अक्षरेच आहेत, त्यामुळे विसरण्याची सोयच नाही. आमच्या मुलांच्या तोंडून आत ओढून उच्चारायचे ते चार वर्ण जात चालले आहेत, आणि ते गेले की उरेल ती हिंदी.

जरीपटका

मी 2013 मध्ये घोटकी जिल्ह्यातून नागपूरला आले. वरचे सर्व वाचून मला राहवले नाही.

ज्या भूमीशी नाते जोडावे असे आपण लिहिता, तिथून आम्ही चार बॅगा घेऊन निघालो. घरात दोन मुली वयात येत होत्या, यापलीकडे कारण सांगण्याची मला इच्छा नाही. नातेवाईक आजही तिकडे आहेत. थरपारकर आणि उमरकोटकडे तर आपली वस्ती मोठी आहे. त्यांच्या जिवावर आपण इथून उत्साहाने काही करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. इथल्या एखाद्या मंडळाने तिकडच्या एखाद्या घराचे छायाचित्र मागवले, चार प्रश्न विचारले, तर आपल्याला ते वारशाचे काम वाटते. पण उत्तर पाठवणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कोण उभे राहील, ते आपण सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जड मनाने लिहिते. इथे आल्यावर अनेक वर्षे आम्ही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर काढली. परगावी जायचे तर आधी परवानगी काढावी लागे, लग्नालाही. ते सरकारी नियम होते आणि आम्ही ते पाळले. परंतु आपल्याच समाजातल्या लग्नांत आमची ओळख ‘ते पाकिस्तानी’ अशी करून दिली गेली. सिंधच्या आठवणीने ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी सिंधहून आलेल्या माणसाला पानात वाढले, पण जवळ बसवले नाही. नागपूर, रायपूर, जोधपूर, उल्हासनगर, सगळीकडे आमच्यासारखी कुटुंबे आहेत. नाते जोडायचे असेल, तर सिंध आपल्या गल्लीत भाड्याने राहते आहे.

आता लिपीचे. माझे दहावीपर्यंतचे सर्व शिक्षण सिंधी माध्यमात झाले. नागपुरात त्या शिक्षणाला काहीच किंमत नाही; मी एका दुकानात माल मोजते. माझी धाकटी मुलगी मराठी शाळेत शिकते आणि ‘ॿार’ आत ओढून, अगदी बरोबर म्हणते, कारण ती ते घरात ऐकते. तिला मी कोणतीही लिपी शिकवलेली नाही. म्हणून ‘उल्हासकाठ’ यांचा लिपीनेच उच्चार टिकेल हा मुद्दा मला पटत नाही, आणि ‘कॅम्प चार’ यांचा ती लिपी मुलांना झेपणार नाही हा मुद्दाही पटत नाही. आम्ही पहिलीत ती शिकलो, आणि आमच्या वर्गातली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती.

उल्हासकाठ

ताई, आपले लिहिणे मी दोनदा वाचले. नातेवाइकांबाबतची आपली विनंती मी आज्ञा समजतो. घरांची छायाचित्रे मागवण्याची एक योजना माझ्या मनात होती, ती मी सोडून दिली आहे. उच्चाराचा मुद्दाही मी मागे घेतो. लिपीचा घेत नाही, कारण वह्या अजून पेटीतच आहेत. मात्र शिक्षक कुठून आणायचे या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, ते आपल्या पत्रात मिळाले. पंचायतीने रीतसर मानधन देऊन आपल्यासारख्या माणसांना नेमावे. समाजसेवा म्हणून फुकट बोलावू नये, कारण आपला वेळ दुकानाच्या पगारातून जातो.

कॅम्प चार

माझे मत बदललेले नाही. बोलणे आधी, अक्षरे नंतर, आणि अक्षरे देवनागरी. रविवारचे माझे दोन तास मी कोणत्याही लिपीच्या वादाला देणार नाही.

पण जरीपटक्याच्या बहिणीने लग्नातल्या पंगतीबद्दल लिहिले, ते आमच्याकडेही घडले आहे आणि मी ते पाहत बसलो होतो. आमच्या गल्लीत जेकबाबादहून आलेली दोन कुटुंबे राहतात. त्यांच्यातल्या एका आजींनी पुढच्या रविवारी वर्गात येऊन मुलांशी फक्त बोलावे, म्हणून उद्या मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्या लिपी शिकवायला तयार असतील, तर सभागृह पाचनंतर मोकळे असते. तिसऱ्या तासाच्या मानधनाचे ‘उल्हासकाठ’ यांनी पंचायतीत बोलावे. त्यांनी वह्याही घेऊन याव्यात. मुलांना नाही, पण मला त्यांत काय आहे ते ऐकायचे आहे, कारण माझे आजोळ शिकारपूरचे आहे.