छऱ्याच्या बंदुकीत गॅस रॅम टाकला, भाग उरलेत. चालेल का? (मदत हवी आहे)

फोंड्याचा_नेमबाज
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच बंदूक खोलली. स्प्रिंग काढून तिच्या जागी गॅस रॅम (आत दाबलेला गॅस असलेली नळी) टाकला, सगळं परत जोडलं, स्टॉकचे स्क्रूही आवळले. आता टेबलावर बघतो तर भाग शिल्लक. स्प्रिंग उरणार हे कळतं मला, बाकीच्यांचं काय? किटबरोबर कागद नव्हता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "एकदम सोपं आहे, बसवून टाका". रविवारी भाचा येतोय, त्याआधी चालू करायचीय. लवकर सांगा.

डिचोलीचा_मिस्त्री
कुठली बंदूक, कसला रॅम, कोणते भाग? डॉक्टरसमोर बसून नुसतं "दुखतंय" म्हणायचं झालं हे. फोटो टाका.

फोंड्याचा_नेमबाज
अहो साधी बंदूक, बॅरल मोडून भरायची. पॉइंट १७७ इंची, म्हणजे साडेचार मिमीची. फोटो चढत नाहीये, पाऊस लागला की इथलं नेट झोपतं. भाग म्हणजे वायसर, प्लास्टिकची नळी वगैरे.

डिचोलीचा_मिस्त्री
"वगैरे" मध्ये काय काय आहे तेच तर विचारतोय.

सुशेगाद_काका
पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडच्या दमट हवेत बंदूक गंजते. मी चतुर्थीच्या आधी बॅरलच्या मागच्या भोकातून दोन थेंब खोबरेल सोडतो. आवाज कसा खणखणीत येतो!

डिचोलीचा_मिस्त्री
काका, तो खणखणीत आवाज तेल पेटल्याचा. पिस्टन पुढे धावतो तेव्हा हवा दाबली जाऊन इतकी तापते की आतलं तेल भडकतं. धूर येतो, सील जळतं, छर्रा कधी वर कधी खाली. तेल बाहेरून, फडक्याने. आत अजिबात नाही.

सुशेगाद_काका
माझी बंदूक तुमच्या जन्माच्या आधीची आहे. अजून चालते.

पेडण्याचा_बागायतदार
गॅस रॅमने जोर वाढतो का? माझ्या माडांवर माकडांनी उच्छाद मांडलाय. शहाळी अर्धी पिऊन खाली टाकतात.

मांडवीकाठ
बागायतदार बाब, माकडावर नेम धरलात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. वनखात्याकडे अर्ज करा. आणि सगळ्यांसाठी एक: विनापरवाना एअर रायफलची मर्यादा ४.५ मिमी आणि २० ज्यूल, शस्त्र नियम २०१६. जोर वाढवायच्या नादात ती ओलांडू नका. हिशेब सोपा आहे. अर्ध्या ग्रॅमाचा छर्रा सेकंदाला २४४ मीटरने सुटला तर सुमारे १५ ज्यूल होतात.

पेडण्याचा_बागायतदार
मारायचं कोण म्हणालं? घाबरवायचं. अर्ज करून नारळ मिळत नाहीत.

कोल्हापुरी_पाव्हणा
हे रॅम-बिम सोडा, सरळ पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणारी बंदूक) घ्या. आमचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेऊन आला, तो काय स्प्रिंगची बंदूक घेऊन गेला होता?

मांडवीकाठ
ते पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं. त्यात पॉइंट २२ ची काडतुसाची रायफल असते, पीसीपी नव्हे. मूळ प्रश्न काय होता ते कुणाला आठवतंय का?

फोंड्याचा_नेमबाज
धन्यवाद! मोजून लिहितो. १) स्प्रिंग २) स्प्रिंगच्या आतली लांब नळी, एका टोकाला चकती ३) टोपीसारखा लोखंडी तुकडा, पिस्टनमध्ये होता ४) दोन पातळ वायसर ५) पिस्टनच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर ६) चपटी पत्र्याची पट्टी, एक टोक वाकडं, मधे लांबट खाच ७) नखाएवढी बारीक स्प्रिंग, एका टोकाला आकडा. सहा-सात कुठून निघाले ते बघितलंच नाही, मागचा ठोकळा सुटताना खाली पडले.

डिचोलीचा_मिस्त्री
आता कसं! एक ते पाच उरणारच. ती स्प्रिंगची माणसं, स्प्रिंग गेली की त्यांचं काम संपलं. आतली नळी म्हणजे गाइड, टोपी म्हणजे पिस्टनचं वजन, अस्तर स्प्रिंग घासू नये म्हणून. काही रॅमना वायसर लागतो, काहींना नाही. रॅम आत खुळखुळत असेल तर एक लावून बघा.

सहा आणि सात मात्र रॅमचे नव्हेत. बॅरल उघडी असताना खटका सुटू नये म्हणून जो अडसर असतो त्याची ती पट्टी, आणि तिला मागे ओढणारी स्प्रिंग. बंदूक कॉक करू नका, म्हणजे बॅरल मोडून ताणू नका. खोला आणि बसवा.

म्हापशेकर_११
एवढं घाबरवायची गरज नाही. माझ्या बंदुकीत ती पट्टी कित्येक वर्षं नाही. मस्त चालते.

डिचोलीचा_मिस्त्री
चालणारच. पट्टी चालण्यासाठी नसतेच. छर्रा घालताना खटक्याला बोट लागलं की बॅरल जागच्या जागी आपटून मिटते. बोट मध्ये असलं तर बोट गेलं, नसलं तर बॅरल वर वाकते. आणि इथे भाचा हाताळणार आहे.

म्हापशेकर_११
भरताना बॅरल हातात धरून ठेवली की काही होत नाही. सवयीचा प्रश्न आहे.

मांडवीकाठ
भाच्याला ती सवय आहे का?

फोंड्याचा_नेमबाज
बापरे. ठीक आहे, खोलतो. मागच्या वेळी भावाने ठोकळा छातीने दाबून धरला होता.

डिचोलीचा_मिस्त्री
छातीने?! स्प्रिंग काय नि रॅम काय, दोन्ही आत दाबूनच बसवलेले असतात. सुताराकडचा लांब शिकंजा आणा, नळीच्या दोन्ही टोकांना लाकडाचा तुकडा ठेवून धरा, पिना काढा, मग हळूहळू सैल करा. तोंड रेषेत नको. रॅमला भोक पाडणं, तापवणं, कापणं बिलकुल नाही. आत नायट्रोजन प्रचंड दाबाखाली असतो. आणि हो, पिस्टनच्या मधोमध दांडी होती का? असली तर साधा रॅम त्यात बसतच नाही.

फोंड्याचा_नेमबाज
दांडी नव्हती, पिस्टन पोकळ होता. शिकंजा शेजारच्या सुताराकडे आहे.

कोल्हापुरी_पाव्हणा
पीसीपीला शिकंजा लागत नाही. सांगून ठेवतो.

फोंड्याचा_नेमबाज
झालं. पट्टी कॉकिंगच्या दांड्याला लागून नळीच्या कडेने सरकते, आकडा ठोकळ्यावरच्या छोट्या खुंटीत. आता बॅरल उघडी धरून, छर्रा न घालता खटका दाबला तर दगडासारखा अडतो. बंद केली की सुटतो. पण कॉक करायला सुरुवातीपासूनच जड लागतेय, आधी शेवटी शेवटी जड व्हायची.

डिचोलीचा_मिस्त्री
रॅम तसाच लागतो, पहिल्यापासून पूर्ण दाब. भाचा किती मोठा आहे? लहान असेल तर कॉक तुम्हीच करा. आणि छर्रा न घालता उडवून बघू नका.

सुशेगाद_काका
ती जुनी स्प्रिंग किती इंची? माझीला बसेल असं वाटतंय.