'प्राइड फ्लॅग'ला मराठीत काय म्हणावं?

घंटाळी: ठाण्यातल्या आमच्या वाचनगटासाठी जूनमध्ये समलिंगी, पारलिंगी वगैरे लोकांच्या इंद्रधनुषी 'प्राइड फ्लॅग'वर माहितीफलक करतोय. मी 'अभिमानध्वज' लिहिलं, एका काकांनी खोडून 'गर्वध्वज' केलं. 'गर्वाचे घर खाली' म्हणणाऱ्या भाषेत गर्व कसा मिरवायचा? शिवाय गिल्बर्ट बेकरच्या १९७८ च्या मूळ झेंड्यातले आठही रंग मराठीत हवेत.

उपवन_७: गर्व नकोच. पण संतांच्या मराठीत अभिमानही अहंकारच. 'स्वाभिमान' घ्या. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समलिंगी लोक जमायचे त्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली, लोक त्यांना भिडले आणि पुढच्या जूनमध्ये मोर्चे निघाले. 'लाज बाळगा' म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. लाजेसमोर ताठ उभा राहील असाच शब्द हवा.

खारीगाव: स्वाभिमान निवडणुकीच्या फलकांनी झिजवलाय. लोक 'प्राइड'च म्हणतात, तेच ठेवा. आणि ध्वज कसला? तो सरकारी इमारतीवर. हातात धरून चालतात ती पताका, वारीत बघा.

चरई: पताका लहान असते. बेकर आणि त्याच्या सोबत्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हाताने रंगवून शिवलेले ते झेंडे अवाढव्य होते. सरळ 'झेंडा' म्हणा.
रंगांचं सांगतो. वरचा भडक गुलाबी म्हणजे आपला राणी, अर्थ लैंगिकता. मग लाल जीवनाचा, नारिंगी बरं होण्याचा, पिवळा उन्हाचा, हिरवा निसर्गाचा, फिरोजी जादूचा, पारवा शांततेचा, जांभळा आत्म्याचा. राणी रंगाचं कापड पुरेसं मिळेना म्हणून तो पट्टा गेला. १९७९ मध्ये पट्ट्यांची संख्या सम हवी म्हणून फिरोजीही गेला, पारव्याच्या जागी साधा निळा आला. उरले सहा.

विटावा: पारवा? गोखले रोडवर साडी घ्यायला जा आणि पारवा मागा, राखाडी काढून देतील. पारवा पक्ष्याचा रंग तो. कपड्यांना घालतो ती नीळ, तोच हा रंग.

चरई: शाळेत 'तानापिहिनिपाजा' म्हटलंत ना? त्यातला 'पा' कुठला? पारव्याच्या मानेवर ऊन पडलं की निळसर-जांभळी झाक दिसते, नाव तिथूनच आलं असणार.

विटावा: हे तुमचं अनुमान. मानेवर हिरवी झाकही दिसते, तिचं काय?

कोपरी_पूर्व: मी पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. मसुद्यात 'तृतीयपंथीयांचा झेंडा' असं दिसतंय, तेवढं बदला. मोनिका हेल्म्सने १९९९ मध्ये केलेला तो झेंडा माझाही आहे आणि मी तृतीयपंथी नाही. दोन कडांना आकाशी, आत गुलाबी, मध्ये पांढरा. पांढरा लिंगबदलाच्या वाटेवर असलेल्यांचा आणि स्त्री-पुरुष अशा कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्यांचा. कसाही धरा, उलटा होतच नाही. 'पारलिंगी' लिहा.

खारीगाव: पण तृतीय लिंगाला मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर वर्तमानपत्रांत सरसकट 'तृतीयपंथी' रुळलाय. वाचकाला तोच कळेल.

कोपरी_पूर्व: त्या निकालात स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्कही मान्य केलाय. मी माझी सांगतोय.

उपवन_७: पटलं. हिजडा समाजातल्या ज्यांना 'तृतीयपंथी' आपला वाटतो, त्यांच्यासाठी तोही राहू द्या. दोन्ही शब्द छापा.

घंटाळी: पारलिंगी करतो. फलक शुक्रवारी छापायला जातोय, मथळ्यात स्वाभिमान की प्राइड?

विटावा: मथळ्यात काहीही घाला, आत नीळच छापा. पारवा वाचून मुलं राखाडी रंगवतील.

चरई: मुलांना तानापिहिनिपाजा पाठ असतं!